आधी चिठ्ठी, मग बशी

पोरी,

रविवारी टॉवेलात गुंडाळून ती निळी बशी आणलीस आणि टेबलावर ठेवायच्या आधीच विचारलंस, "याचे किती येतील?" मी काही न बोलता चहा टाकायला उठले. रागानं उठले, हे तुला कळलं असेलच. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून लिहितेय.

तुझा पेच मला समजला. जुन्या बाजारातला दुकानदार म्हणतो, तडा गेलेल्या बशीला किंमत नाही; ती मला द्या, वर थोडे पैसे घाला, तश्शीच बिनतड्याची देतो. त्याचं काही चुकत नाही. माठ घेताना मारतो तशी मी टिचकी मारली, तर बशी खणकन वाजलीच नाही, भद्द आवाज आला.

उलटी करून पाहिलीस का? मागे 'इंग्लंड' असा शिक्का आहे. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणजे बशी बहुधा त्यानंतरची. आता काठाच्या वेलीवरून बोट फिरव. एका जागी पान अर्ध्यात तुटलंय आणि शेजारचं फूल त्याच्यावर चढलंय. नक्षी छापलेला पातळ कागद बशीवर दाबून बसवत. त्याची दोन टोकं तिथे नीट जुळली नाहीत. हे काम कारखान्यात बहुतेक बायकाच करत. त्यांच्यातल्या एकीची ही घाई, शंभर वर्षं तशीच राहिलेली. मला ती फार आवडते. पण असलं सगळं दुकानदाराच्या बशीवरही सापडेल, आणि हे वाचायला तू दोन वर्षांत शिकशील.

चपला घालता घालता तू जे बोललीस, ते त्याच्याकडे नाही. "आई म्हणते, ही बशी कधी स्वयंपाकघरात आली नाही. ओटीवरच्या कोनाड्यात वेगळी असायची, बाहेरच्या माणसांना चहा द्यायला." बोललीस आणि जिना उतरलीस! हे लिहून ठेवलंयस का? नाही ना?

१८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा समोर आला आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, उठलं. टिळक-रानड्यांनासुद्धा प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या दिवशीची एखादी बशी कुणाच्या फडताळात आजही असेल. सोबत चिठ्ठी नसेल, तर ती नुसती बशी. तुझी बशी त्याच काळजीपोटी कोनाड्यात बसली होती. आपल्याच घरातला हा भेदभाव लिहायला लाज वाटेल. वाटू दे. लाजेसकट लिही. कोण येई, बशी कोण विसळे, कोनाड्यात परत कोण ठेवी, सगळं लिही.

मी लिहिलं नाही, म्हणून एवढं सांगतेय. कसब्यातला एक वाडा पाडायला काढला होता. तिथल्या आजींनी मला साखरेचं भांडं दिलं, झाकणाला टवका उडालेलं, आणि देताना बराच वेळ काहीबाही सांगत राहिल्या. मी? मी भांडं उलटं धरून शिक्का वाचत होते. 'हो, हो' म्हणत होते. तीस वर्षांनी त्यांची नात माझ्याकडे आली. भांडं हातात घेऊन म्हणाली, "आजी काय म्हणाली होती हो याच्याबद्दल?" मी तिला कारखाना सांगितला, साल सांगितलं, नक्षीचं नाव सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग भांडं हळूच खाली ठेवून निघून गेली.

तेव्हा माझी दोन मुलं लहान होती, नोकरी होती, वही घेऊन कुठे हिंडणार होते मी? असं मी स्वतःला सांगते. पण खरेदीच्या पावत्या मात्र सगळ्या आहेत बरं का माझ्याकडे, तारखेनुसार लावलेल्या.

केळकर संग्रहालयात तू गेली असशील. दिनकर केळकरांनी १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला दिला, आणि नाव ठेवलं राजाचं, त्यांच्या गेलेल्या मुलाचं. दारावरची ती पाटीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. पुढच्या खेपेला आत जाण्याआधी ती नीट वाच.

गेल्या वर्षी एका हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला माझ्या निळ्या बश्या हव्या होत्या. म्हणाला, "चिठ्ठ्या तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला फक्त बश्या द्या." मी दिल्या नाहीत. मुलगा अजून ऐकवतो, आई, तेवढ्यात गच्चीची गळती थांबली असती. असेल. गळते गच्ची, बादली ठेवतो. भिंतीवर लटकलेली बशी कुणाची होती हे कोण सांगणार? मी हट्टी आहे असं म्हणतात सगळे. पण आता चिठ्ठीशिवाय वस्तू घरात घेत नाही आणि चिठ्ठीशिवाय बाहेर सोडत नाही. उशिरा सुचलं, पण सुचलं.

तर बशी बदलू नकोस. तडा अराल्डाइटनं भरू नकोस, आणि डाग काढायला ब्लीचमध्ये तर मुळीच बुडवू नकोस. तड्यातून आत शिरतं आणि मग झिलईचे पापुद्रे निघतात. चिकटपट्टीनं चिठ्ठी डकवू नकोस, सोनेरी काठ असला तर तो पट्टीबरोबर निघून येतो. साधा कागद, शिसपेन्सिल, बशीखाली घडी करून. वहीत तेच पुन्हा. आईचे शब्द आईच्याच बोलीत, तुझ्या शुद्ध मराठीत नकोत.

किमतीचं विचारलं होतंस. तडा आहे म्हणजे फार येणार नाहीत. झालं?

या रविवारी ये. येण्याआधी आईला एवढं विचार, तो कोनाडा दाराच्या डाव्या हाताला होता की उजव्या. आणि कपही होता का सोबत? बशी आहे म्हणजे कप असणारच. तो कुठे गेला?

तुझी,
काकू