जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचे साल आणि मॉडेल कसे ओळखावे?

आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरवरील लाल रंगाचा पापुद्रा, आपण लिहिल्याप्रमाणे, निघून खाली राखाडी थर दिसत असेल आणि पुढे केवळ ‘फर्ग्युसन’ असे नाव असेल, तर हा ट्रॅक्टर इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या टीई-२० मालिकेतला असावा. लाल रंग नंतर कोणी हौसेने दिलेला दिसतो. डॅशबोर्डवरील धातूची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने हलकेच पुसावी, पॉलिश पेपर अजिबात लावू नये. तीवर टीईए ही अक्षरे असल्यास स्टँडर्ड या ब्रिटिश मोटार कंपनीचे पेट्रोल इंजिन, टीईडी असल्यास रॉकेलसारख्या इंधनावर चालणारे, तर टीईएफ असल्यास १९५१ पासून आलेले डिझेल इंजिन समजावे. साल मात्र या अक्षरांनंतरच्या अनुक्रमांकावरून ठरवावे. इंजिनाच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण एवढ्या वर्षांत इंजिनच बदललेले असू शकते.