लॅपटॉपवर बिल्ड होतं, क्लाउडवर मात्र 'मॉड्यूल नॉट फाउंड' का येतं?

तुमचं रिअ‍ॅक्ट ॲप विंडोजवर नीट चालतंय ना? मग आधी फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळीतल्या नावाशी जुळतंय का बघा. विंडोज आणि मॅक सहसा दोन्ही एकच धरतात. क्लाउडवर ॲप बिल्ड करणारा सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो. त्याच्या लेखी मोठ्या 'एच'ची 'हेडर' नावाची फाइल वेगळी, लहान 'एच'ची वेगळी. खरी गोची पुढेच: नाव नुसतं बदललंत तर विंडोजवरच्या गिटला (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) सहसा तो बदल दिसतच नाही. 'गिट एमव्ही' ही कमांड वापरून बदला, कमिट करून पुश करा. माझी अख्खी रात्र यात गेली होती. नाव बरोबर असेल तर एररमधलं पॅकेज (बाहेरून घेतलेला तयार कोड) 'पॅकेज डॉट जेसन' या पॅकेजांची यादी असलेल्या फाइलमध्ये नोंदलंय का पाहा. आणि हो, बिल्डच्या लॉगमधली शेवटची नाही, पहिली एरर वाचा.