सासूबाईंच्या गोळ्यांचा हिशेब

ताई, मधुमेह असलेल्या सासूबाई विसरायला लागल्यात, तर त्यांच्या गोळ्या आपल्या ताब्यात घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंत. त्यांच्या हातातून गोळ्या लगेच काढून घेऊ नका. विसराळूपण सौम्य असेल तर माणूस बरंच स्वतः करतो. सात वारांच्या खणांची डबी आणा, ती त्यांच्याकडूनच भरून घ्या, तुम्ही नुसतं बघा. रिकामा खण दिसला की ‘घेतली का?’ हा वादच मिटतो.

खरी भीती गोळी दोनदा घेण्याची, किंवा घेऊन न जेवण्याची. ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीने रक्तातली साखर ७० (मिग्रॅ/डेसीलिटर) च्या खाली गेली की घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. आणि घरचे म्हणतात, ‘वयच झालं आता!’ आधी ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र, काढा. शुद्धीत असतील तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कडक भाकरी-शेंगाचटणी नंतर. तिने साखर लवकर चढत नाही. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांना विचारा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८ टक्क्यांच्या आत असलं तर चालेल का? मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व बी१२ ही तपासून घ्या, ते कमी असलं तरी विसरायला होतं.

आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला नेताना त्यांच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी आणि तुमच्या नंबरची चिठ्ठी टाका.