तुमच्या पात्राचं बारसं कोणी केलं?

प्रश्न : मी फलटण तालुक्यातल्या एका गावात राहते आणि किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहिते आहे. गावच्या शाळेत नववीत शिकणारी चार मुलं आहेत. नावं ठेवली आहेत आर्यन, आरव, कियारा आणि मायरा. माझी भाची वाचून म्हणाली, "मावशी, ही आमच्या वर्गातली वाटत नाहीत." गणपत, शांता ठेवावं तर आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. मग नावं शोधायची कशी?

उत्तर : भाचीचा कान तयार आहे, पुढची प्रकरणंही तिलाच आधी वाचायला द्या.

नाव शोधताना आपण मुलाकडे बघत बसतो. पण ते ठेवलेलं असतं आई-वडिलांनी, आत्यानं, कधी पत्रिकेतलं आद्याक्षर धरून. म्हणून आधी पात्राच्या बारशाचं साल काढा. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि वर्गशिक्षिका म्हणून हजेरी घेतली. साल बदललं की हजेरीपट कसा बदलतो, ते मी रोज मोठ्यानं वाचत होते. एके काळी संतोष, सुनील, अनिता, सुनीता, मनीषा पुकारताना एका नावाला दोघीतिघी "हजर" म्हणायच्या. पुढे त्याच रकान्यांत ओंकार, प्रणव, वैष्णवी, श्रावणी आले. तुमची कथा आजची असेल, तर नववीतली मुलं २०१० च्या आसपास जन्मलेली. सोहम, अथर्व, श्रेया, समृद्धी, ज्ञानेश्वरी ही नावं त्या वर्गात सहज बसतील. कियारा आणि मायरा मात्र तुमच्या गावात शोधायच्या तर अंगणवाडीत डोकवावं लागेल.

जुन्या काळाची कथा असेल तरी हाच हिशेब. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यात सापडलेली पंधरा वर्षांची मुलगी १९७८ ला जन्मलेली. तिला सान्वी म्हटलंत, तर पहिल्याच पानावर वाचकाचा विश्वास जाईल.

सालानंतर घर बघा, आणि इथं घाई करू नका. वारकरी घरात मुक्ता असेल, ज्ञानेश्वर असेल, त्याला सगळे माउली म्हणत असतील. जेजुरीचा खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्याकडे मल्हार किंवा मार्तंड. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर कितीतरी घरांनी सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही नावं ठेवली. त्या नावांमागे अख्ख्या घरानं घेतलेला निर्णय उभा आहे, तो लेखकाला माहीत असायलाच हवा. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातली, रत्नागिरीच्या मुसलमान मोहल्ल्यातली मुलगीही मराठीच बोलते. तुमच्या गावात अशी घरं असतील तर ती वर्गातही दिसू द्या. एक गंमतही लक्षात ठेवा. पुण्यात कोथरूडला सई, रमा, मल्हार ही पणजी-पणजोबांच्या वळणाची नावं परत आली आहेत आणि खेड्यात स्वरा, शिवांश ठेवतात. शहराला नवं नाव आणि गावाला जुनं, ही वाटणी आता चालत नाही.

एवढं जमलं की निम्मं काम झालं. कारण चौदाव्या वर्षी मुलाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतं कोण? फक्त बाई! घरी तो बाळ्या किंवा सोन्या असतो. वर्गात जाधवचा जाध्या होतो, शिंदेचा शिंद्या. आणि मुलं एकमेकांना चिडवायला सर्रास वडिलांच्या नावानं हाक मारतात. ए सुरेश, बॅट आण! वडील वारलेल्या मुलाला कुणी अशी हाक मारली तर काय होईल, याचा विचार करा. तिथं तुमचं एक प्रकरण उभं राहील. मी नववीच्या वर्गात पाहिलंय, एकच मुलगा तीन हाकांना तीन वेगवेगळ्या आवाजांत ओ देतो. प्रत्येक पात्रापुढं लिहून ठेवा : आई काय म्हणते, मित्र काय म्हणतात, आणि कुठली हाक त्याला अजिबात सहन होत नाही.

आडनावाबद्दल मात्र कळकळीनं सांगते. आपल्याकडे आडनाव वाचताच वाचक जात शोधतो, मुलंही शोधतात. चोरी करणारा, कॉपी करणारा मुलगा एकाच तऱ्हेच्या आडनावाचा आणि हुशार मुलगी ठरलेल्या दुसऱ्या तऱ्हेच्या आडनावाची, असं तुमच्याकडून होऊ देऊ नका. तुमचं पुस्तक त्याच आडनावाचं एखादं मूल वाचणार आहे. गरज नसेल तिथं आडनाव देऊच नका.

राहिली कानाची बाजू. आर्यन आणि आरव दोघंही 'आर'नं सुरू होतात, घाईत वाचणारं मूल गोंधळतं. चौघांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. नावाला ला, ने, चा लावून मोठ्यानं म्हणा. 'यशनं', 'सईला' जिभेवर सोपं जातं. 'ऋत्विजनं' पानात दहा वेळा आलं की जड होतं.

प्रश्न : माझ्या कथेतली पंधरा वर्षांची मुलगी स्वतःचं नाव बदलते. वाचकांना हे पटेल का?

उत्तर : नक्की पटेल. आपल्याच राज्यात असं घडलं आहे. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला काही घरांत 'नकुशा' म्हणत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८० हून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली. काहींनी आवडत्या सिनेतारकेचं नाव घेतलं. कुणाला ते उथळ वाटेल, मला नाही वाटत. नको असलेपण रोज हाकेतून ऐकलेल्या मुलीनं, जिच्याकडे सगळे कौतुकानं बघतात तिचं नाव मागितलं, यात चुकलं काय?

फक्त तिचं नाव एका वाक्यात बदलून मोकळे होऊ नका. शाळेच्या जनरल रजिस्टरात जुनं नाव आहे, आजीच्या तोंडात तेच बसलंय, आणि वर्गातलं एखादं पोरगं मुद्दाम त्याच नावानं हाक मारणार. ती वळून बघते की नाही, हे आधी ठरवा आणि मग लिहायला बसा.