जर्मनीत बाळंतपण: माहेरी जावं की आईला इथे बोलवावं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्यांना इथे नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, 8 महिन्यांपूर्वी पुण्याहून जर्मनीत आलात, दहावा आठवडा सुरू आहे, आणि घरचे सगळे 'पहिलं बाळंतपण माहेरीच' म्हणून मागे लागलेत. तर जावं की इथेच राहावं, आणि राहिलं तर आईला किती आधी बोलवावं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझी दोन्ही बाळंतपणं श्टुटगार्टला झाली. थोरली 2022 च्या नोव्हेंबरात, धाकटा 2025 मध्ये. त्यावरून सांगते: इथेच राहा. आणि आईला तारखेच्या आधी बोलवू नका, बाळ झाल्यावर बोलवा. पहिल्या वेळी मी नेमकं उलट केलं होतं.

मला 3 नोव्हेंबर तारीख दिली होती. आई 29 सप्टेंबरलाच आली, कारण दिवस भरत आलेल्या मुलीला एकटी ठेवायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात पाहुणं म्हणून येण्याच्या व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, हे आम्हाला माहीत होतं. तारीख उलटून जाईल हे मात्र धरलंच नव्हतं. इथे तारीख गेली म्हणून लगेच कुणी घाई करत नाही. दर दोन दिवसांनी बोलावतात, बाळाचे ठोके बघतात, गर्भाभोवतीचं पाणी पुरेसं आहे ना बघतात, आणि सगळं ठीक असेल तर थांबतात. लेक 12 नोव्हेंबरला झाली. म्हणजे आईचे 44 दिवस नुसती वाट बघण्यात गेले. 27 डिसेंबरला तिला विमानात बसवलं तेव्हा बाळ जेमतेम साडेसहा आठवड्यांचं होतं.

बाळं संध्याकाळची सगळ्यात जास्त रडतात ती साधारण याच वयात. जानेवारीत पाच वाजायच्या आत काळोख, नवरा ऑफिसात, शेजारी चांगले पण दार वाजवून आत येणारे नाहीत. मला तेव्हा आई हवी होती. ऑक्टोबरात मी स्वतः भाजी आणत होते, ट्रामने फिरत होते, तेव्हा तिची तेवढी गरज नव्हती.

दुसऱ्या वेळी आम्ही असं बसवलं: पहिला महिना नवऱ्याने सुट्टी घेतली आणि बाळ 3 आठवड्यांचं झाल्यावर आई आली. ती परत गेली तेव्हा धाकटा मान धरत होता, हसत होता, आणि मीही माणसांत आले होते. बापाला एल्टर्नत्साइट, म्हणजे बाळासाठीची रजा, घेण्याचा हक्क आहे. ऑफिसला 7 आठवडे आधी कळवावं लागतं. त्या काळात पगार नाही, पण एल्टर्नगेल्ड मिळतं, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 टक्के, महिना जास्तीत जास्त 1800 युरो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. बापाला ते किमान 2 महिने घ्यावं लागतं, आणि आई-बाप दोघांनी एकाच वेळी घ्यायचं तर एकच महिना चालतो. आम्ही एक महिना बाळ झाल्या झाल्या घेतला, दुसरा पुढे. तुम्ही नोकरी करत नसलात तरी तुम्हाला किमान 300 युरो मिळतात.

आता माहेराचं. मलाही फार वाटलं होतं जावंसं, आणि ज्या मैत्रिणी गेल्या त्यांना मी चुकलात असं म्हणणार नाही. पण तुमचा इथला विमा तिकडच्या बाळंतपणाचा खर्च सहसा देत नाही. बाळ तिकडे झालं तर त्याचा पासपोर्ट आणि मग इथे राहण्यासाठीचा वेगळा व्हिसा होईपर्यंत तुम्ही आणि बाळ अडकून पडता, आणि बाप पहिले काही महिने बाळाला फोनवरच बघतो. इथे सरकारी क्रांकेनकासेत, म्हणजे आरोग्य विम्यात, नवऱ्याबरोबर तुमचं नाव असेल तर तपासण्या, दवाखाना, सुईण सगळं त्यातच येतं. दवाखान्यात इतर वेळी दिवसाला भरावे लागणारे 10 युरोसुद्धा बाळंतपणासाठी लागत नाहीत. मात्र तुमचा विमा खासगी असेल तर करार आजच वाचा. त्यात बाळंतपणासाठी 8 महिन्यांपर्यंत थांबण्याची अट असू शकते.

आणि सुईण. या एका शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं.

जर्मनीत तिला हेबामे म्हणतात. आपल्याकडे सुईण म्हटलं की आजीच्या काळातली, दवाखाना नसलेल्या गावातली बाई डोळ्यांसमोर येते. इथे 2020 पासून त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते. कायदा असा आहे की प्रत्येक जन्माच्या वेळी हेबामे हजर हवीच. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर नसले तरी चालतं, पण डॉक्टरांना हेबामेशिवाय बाळंतपण करता येत नाही. माझ्या पहिल्या वेळी रात्रभर एक हेबामेच होती. तिने चालायला लावलं, कोमट पाण्याच्या टबात बसवलं, छताला बांधलेला कापडाचा झोल धरून लोंबकळायला सांगितलं. डॉक्टर शेवटच्या वीस मिनिटांत आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

पण मी म्हणते ती दुसरी हेबामे, घरी येणारी. बाळ झाल्यावर पहिले 10 दिवस रोजसुद्धा येऊ शकते, पुढे 12 आठवड्यांपर्यंत लागेल तशी. पैसे क्रांकेनकासे देते. अडचण एकच, त्या मिळत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मराठी मुलीने पाचव्या महिन्यात शोधायला सुरुवात केली आणि तिला कुणीच मिळाली नाही. तुम्हाला दहावा आठवडा आहे, म्हणजे आजच सुरुवात करा. हेबामेंच्या संघटनेचं 'अमेली' नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर पत्ता टाकून शोधता येतं. मी 23 जणींना लिहिलं, तेव्हा एक हो म्हणाली. जर्मन येत नसेल तर चार ओळी कुणाकडून लिहून घ्या. त्यात तारीख, पत्ता आणि 'पहिलं बाळ आहे, इथे घरचं कुणी नाही' एवढं हवं.

ती चौथ्या दिवशी आली तेव्हाचं सांगते. माझी छाती दाटून दगडासारखी झाली होती, बाळाला तोंडात धरता येत नव्हतं, ताप चढत होता. आई ओव्यानं शेकू का म्हणत होती. हेबामेने फ्रिज उघडायला सांगितला आणि विचारलं, क्वार्क आहे का? क्वार्क म्हणजे आपला चक्का. इथले मराठी लोक त्याचंच श्रीखंड करतात, आमच्याकडे दोन डबे होते. तिने पातळ सुती फडक्यावर क्वार्क पसरला, त्याची घडी केली आणि दूध पाजून झाल्यावर छातीवर ठेवली. पाजायच्या आधी थोडी ऊब, पाजल्यावर हा गारवा, असं सांगितलं. आई बघत होती. दोघींची एकही भाषा सारखी नव्हती, पण संध्याकाळी आईने ती घडी स्वतः केली, तितकीच पातळ, तितकीच नीट.

मग तिने बाळाला कापडात गुंडाळून हातातल्या काट्याच्या आकड्याला लटकवलं. झोळीतल्या बाळाचं वजन जन्मापेक्षा कमी भरलं. आईचा चेहरा पडला, मी रडायलाच लागले. पहिल्या दिवसांत वजन उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे तिने तीन वेळा सावकाश सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायला आली. रात्री दोन वाजता माहितीच्या महापुरात डोकं घालून बसण्यापेक्षा असं एक माणूस दारातून आत येणं किती मोठं आहे, हे मला शब्दांत सांगता येत नाही.

आपल्या रीतींना ती हसेल का, अशी भीती मला होती. तिने तिळाच्या तेलाची मालिश बघितली आणि हात हलका ठेवा एवढंच म्हणाली. कानात-नाकात तेल घालू नका, मध वर्षभर चाटवू नका, ही दोन मात्र ठाम सांगितली. मधातले जंतू एवढ्या लहान बाळाच्या पोटाला झेपत नाहीत. म्हणून गुटी राहिली. आईला वाईट वाटलं, पण तिने ऐकलं. धुरीही नाही, कारण इथे प्रत्येक झोपायच्या खोलीत धूर झाला की वाजणारा भोंगा असतो. शेकासाठी हेबामेने चेरीच्या बियांची उशी दिली, ती ओव्हनमध्ये तापवून कमरेला लावायची. आणि सव्वा महिन्याचं सांगितल्यावर ती म्हणाली की आमच्याकडेही हेच आहे. वोखेनबेट म्हणतात. पहिला आठवडा पलंगात, दुसरा पलंगावर, तिसरा पलंगाच्या आसपास, असं इथल्या हेबामे सांगतात. हे ऐकून आईचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला.

खाण्याची तयारी आधी करून ठेवा. दवाखान्यात संध्याकाळचं जेवण म्हणजे गार ब्रेड, चीज, काकडीचे काप. बाळंत होऊन पहिल्या रात्री ते ताट समोर आलं आणि मला गुरगुट्या भाताची इतकी आठवण आली की नवऱ्याने घरी जाऊन थर्मासमध्ये भात, तूप, मीठ घालून आणला. लाडवांचं तूप आईला आणायला सांगू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. इथे बुटरश्माल्त्स नावाने साजूक तूपच मिळतं. अळीव म्हणजे इथली क्रेसं, पण मोड आणून खायची म्हणून विकतात ती घ्या, बागेत पेरायचं बी नको. डिंक मात्र तिकडूनच येऊ द्या.

आई परत गेल्यावर एकटं वाटेल. दोन महिन्यांनी सुरू होणारा रुकबिल्डुंग नावाचा व्यायामवर्ग चुकवू नका. क्रांकेनकासे पैसे देते, व्यायामाने ओटीपोट आणि कंबर सावरते, आणि तुमच्यासारख्याच न झोपलेल्या आठ-दहा जणी भेटतात. माझ्या इथल्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी तिथल्याच. मन सतत उदास राहिलं, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, तर ते हेबामेला सांगा. लाजू नका. त्याला इलाज आहे.

शेवटी कागदपत्रं, आणि इथे आम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला. बाळाचा जन्मदाखला श्टांडेसआम्ट, म्हणजे जन्म-विवाह नोंदणीचं कार्यालय, देतं. त्यासाठी आई-बापाचे जन्मदाखले आणि विवाहनोंदणी, शपथबद्ध भाषांतरकाराने केलेल्या जर्मन भाषांतरासह लागतात. भारतातला अपोस्टीलचा शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, हे बऱ्याच जणांना दाखला अडकल्यावरच कळतं. आपल्या दाखल्यांवर शंका आली तर ते पडताळणीला पाठवतात आणि त्यात महिने जातात. माझ्या दाखल्यावर नावाचा रकानाच कोरा होता. लिंग स्त्री, वडिलांचं नाव, आईचं नाव, बस्स. आमच्या पिढीत बारशाच्या आधीच नोंद व्हायची, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. बाबांनी नगरपालिकेत चार हेलपाटे घातले तेव्हा नाव चढलं, आणि तोपर्यंत लेक तीन महिन्यांची झाली होती. दाखला नाही म्हणून किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठी दरमहा मिळणारे सरकारी पैसे, अडलं, एल्टर्नगेल्ड अडलं, पासपोर्ट अडला.

नाव आधीच ठरवून ठेवा. दवाखान्यातच विचारतात. बाराव्या दिवसापर्यंत थांबायचं असेल तर थांबता येतं, नाव कळवायला महिन्याभराची मुदत असते. आम्ही थांबलो आणि बारशाला आईने कानात सांगितलेलं नावच कागदावर गेलं. बाळाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करा, आणि इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज 6 महिन्यांच्या आत. किंडरगेल्ड मागचं मिळतं, पण 6 महिन्यांपुरतंच. एल्टर्नगेल्ड तर 3 महिन्यांपुरतंच. म्हणून आजच घरी फोन करून तुमचे आणि नवऱ्याचे जन्मदाखले कपाटातून काढायला सांगा, आणि फोटो मागवून नावाचा रकाना आधी बघा.