वाचकांचे प्रश्न : ध्रुवीय प्रकाशासाठी शरद ऋतू की ऐन हिवाळा?

प्रश्न : आम्ही बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील आठ हौशी छायाचित्रकार उत्तर ध्रुवीय प्रकाश टिपण्यासाठी नॉर्वे-स्वीडनला जाण्याच्या विचारात आहोत. काहींना सप्टेंबरअखेर सोयीचे वाटते, तर काहींच्या मते हा प्रकाश डिसेंबर-जानेवारीतच दिसतो. एका सहल कंपनीने तो ‘खात्रीने’ दाखवण्याची हमी दिली आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : आपण सप्टेंबरअखेरच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रकाशाला थंडी लागत नाही. अंधार आणि निरभ्र आकाश लागते. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही, म्हणून तेव्हा काही दिसत नाही. सप्टेंबरअखेर मात्र रात्री नऊनंतर आकाश पुरेसे काळोखे होते. शिवाय विषुवदिनाच्या आसपास सौरवारा (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत) आणि पृथ्वी यांच्या चुंबकीय क्षेत्रांची दिशा परस्परांना अधिक अनुकूल असल्यामुळे हा प्रकाश उजळवणाऱ्या चुंबकीय वादळांचे प्रमाण वाढते. छायाचित्रकारासाठी याहून मोठा लाभ असा की तळी अजून गोठलेली नसतात, त्यामुळे आकाशातील हिरवे पडदे पाण्यातही उमटतात आणि काठच्या बर्च वृक्षांची पिवळी पाने चित्रात येतात.

खरा अडथळा ढगांचा आहे. ट्रॉम्सो किनाऱ्यावर असल्याने तेथे शरदात ढग पुष्कळ असतात, तर स्वीडनमधील अबिस्को पश्चिमेकडील डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तेथे आकाश तुलनेने मोकळे राहते. कणकुंबीत धो धो पाऊस कोसळत असताना अथणी कोरडी राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून रोज नवे शहर दाखवणारा कार्यक्रम स्वीकारू नका. एकाच परिसरात किमान चार-पाच रात्री मुक्काम करा आणि ढगांचा अंदाज पाहून ऐनवेळी दुसरीकडे जाता येईल असे वाहन हाताशी ठेवा. ही दोन्ही ठिकाणे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातच येत असल्याने तेथे केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ शून्य ते नऊ या श्रेणीत सांगणारा आकडा) दोन असला तरी प्रकाश दिसू शकतो. मोठ्या वादळाची वाट पाहत खोलीत बसून राहणे योग्य नव्हे. प्रकाश दिसण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि जी कंपनी ती देते, तिच्याबरोबर मी तरी जाणार नाही.

कॅमेऱ्यासाठी रुंद कोनाची, एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची लेन्स, मजबूत ट्रायपॉड आणि रॉ स्वरूप (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती जशीच्या तशी जपणारी फाइल) एवढे ठरवून ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवून, प्रकाश मंद असेल तर दहा-पंधरा सेकंद आणि पडदे वेगाने हलू लागले की दोन ते पाच सेकंद शटर उघडे ठेवावे, नाहीतर त्यांच्या चुण्या पुसट होऊन नुसता हिरवा डाग उरतो. फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने साधावा लागतो आणि अंधारात हातमोजे घालून हे करणे वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी, फेब्रुवारी ते मे या काळात, अमावास्येच्या आसपास जांबोटीच्या बाजूला सर्वांनी मिळून सराव करावा. तेथेच गटाचे नियमही अंगवळणी पडतील : पांढरा टॉर्च कोणीही लावायचा नाही, फ्लॅश बंद ठेवायचा, दुसऱ्याच्या ट्रायपॉडसमोरून चालायचे नाही. आठ जणांत एकाने दिवा लावला, तर बाकी सातही जणांचे चित्र बिघडते.

गटात कॅमेरा न वापरणारे नातेवाईक असतील, तर त्यांना एक गोष्ट आधीच सांगावी. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे फिकट प्रकाश त्यांना करड्या ढगासारखा वाटेल, तर कित्येक सेकंदांचा उजेड साठवणारा कॅमेरा तोच गडद हिरवा दाखवेल. हे ठाऊक नसलेल्या ज्येष्ठांना आपली फसवणूक झाली असे वाटते, आणि एवढा खर्च करून आलेल्या माणसाच्या वाट्याला ती निराशा येऊ नये. प्रकाश तेजस्वी झाला की मात्र तो रंगांसह साध्या डोळ्यांनाही दिसतो.

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात अधिक रात्री राहणार, त्याच्याकडे अर्ज करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज स्वीकारले जातात, म्हणून आठही जणांची कागदपत्रे एप्रिलमध्येच तयार ठेवावीत.