क्लचवरची दोन बोटं

प्रश्न : आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आहे. जिन्याखाली बाबांची राजदूत ३५० मोटरसायकल सोळा वर्षं उभी आहे, १९८४ची. बाबा गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. भाऊ म्हणतो भंगारात देऊ. एक दलाल रोख पैसे घेऊन दोनदा येऊन गेला. मला मात्र ती चालवायची आहे. नव्यासारखी करून घेऊ का? आणि आणखी एक. लहानपणी मी टाकीवर बसायचे तेव्हा बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असायची, रस्ता मोकळा असला तरी. पुढे स्कूटरवरसुद्धा. आई म्हणते, सवय होती. ही कसली सवय?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, दलाल तिसऱ्यांदा आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. तो दोनदा आला यातच काय ते समजा.

बोटांचं आधी सांगतो, कारण माझीही तशीच असतात. १९८७चा जून. माझी आरडी, म्हणजे तुमच्या बाबांची तीच राजदूत ३५०, मी नुकतीच एका गॅरेजातून आणली होती. ऑइल पंप उघडून बसवताना तिथल्या पोराने नळीतली हवा काढलीच नव्हती. या इंजिनाला वंगण मिळतं ते त्या पंपातून, पेट्रोलबरोबर. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पिस्टन कोरडा. खोपोली सोडून घाट चढायला लागलो, चौथा गिअर, मागे मित्र. इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला, घसा बसल्यासारखा, आणि पुढच्या क्षणाला मागचं चाक गच्च. गाडी ओल्या रस्त्यावर आडवी सरकायला लागली. क्लच कधी दाबला मला आठवत नाही. दाबला म्हणून चाक इंजिनापासून सुटलं आणि कठड्याच्या अलीकडे थांबलो. मित्र उतरला आणि एसटीने पुण्याला गेला, आजतागायत माझ्या मागे बसलेला नाही. गाडी मी मुंबईला जाणाऱ्या कोबीच्या टेम्पोत घालून दादरला आणली. डाव्या पिस्टनवर उभे ओरखडे, नखाला लागतील असे.

तेव्हापासून दोन बोटं क्लचवर. टू-स्ट्रोक, म्हणजे असं पेट्रोलबरोबर ऑइल जाळणारं इंजिन, सीझ होताना (पिस्टन सिलिंडरमध्येच अडकून बसताना) सांगून होत नाही, पाव सेकंदात क्लच दाबला तर तुम्ही वाचता. तुम्ही टाकीवर बसायचात, म्हणजे बाबांच्या दोन हातांच्या मधे. बाबांना आधी एकदा फटका बसला होता की दुसऱ्याचं पाहून शिकले होते, ते आईंना विचारून बघा. घरी न सांगितलेल्या गोष्टी बऱ्याच असतात.

आता गाडी. नाव राजदूत असलं तरी दूधवाल्यांच्या राजदूत १७५शी तिचा काही संबंध नाही. ही जपानची यामाहा आरडी ३५०. तिकडे १९७३ मध्ये आली आणि १९८३ पासून एस्कॉर्ट्सने आपल्याकडे बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आपल्याकडे बुलेटला चार गिअर होते तेव्हाची गोष्ट. सुरुवातीची हाय टॉर्क ३०.५ अश्वशक्तीची, नंतरची लो टॉर्क २७ची. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या वाट्याला ड्रम आला. म्हणजे पळायची सोय जपानची आणि थांबायची देवाची. मरीन ड्राइव्हवर चर्चगेटचा सिग्नल लाल दिसला की आम्ही ब्रेक दाबायला वानखेडेपाशीच सुरुवात करायचो. आरडी म्हणजे ‘रॅपिड डेथ’ असं लोक म्हणायचे. ॲव्हरेज वीस-पंचवीसचं, त्यामुळे घरचे निराळ्याच कारणासाठी नावं ठेवायचे.

आवाज मात्र कुणी विसरलेलं नाही. सकाळी थंड इंजिन चालू केलं की आधी टिणटिण, भांड्यात खडे हलवल्यासारखी. मग निळा धूर, आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेली की दोन्ही सायलेन्सरचा मिळून एक सूर. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी त्या धुराला शिव्या द्यायच्या, आणि गाडी दोन दिवस दिसली नाही की मलाच विचारायच्या, विकलीस का रे?

तुम्ही करायचं ते असं. किक मारू नका. मारावीशी वाटेल, तरी नको. सोळा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटल्या असतील, किक मारलीत तर तुटतील. दोन्ही प्लग काढा, भोकांतून थोडं थोडं टू टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) सोडा आणि दोन दिवस विसरा. मग डाव्या बाजूचं कव्हर काढून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, टोकाचा बोल्ट पान्याने हळूच फिरवून पाहा. फिरला तर जिंकलात. अडला तर जोर लावू नका, सिलिंडर उतरवावे लागतील. टाकीतलं पेट्रोल एव्हाना वार्निशसारखं झालं असेल, ते फेका. गिरगाव समुद्राच्या काठी, टाकी आतून गंजलेली असणार. ती साफ केल्याशिवाय कार्बोरेटर उघडून उपयोग नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून नळ्या आणि वॉशर सगळे नवे घाला.

क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील (रबरी कड्या) बदलाच, गॅरेजवाला ‘चालतंय’ म्हणाला तरी. उजवीकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो, तो निदान दिसतो. डावीकडचं गेलं तर नुसती हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनला भोक पडतं. ते दिसत नाही. ऑइल पंपाची हवा तुमच्या समोर काढायला लावा. पहिल्या दोन टाक्यांना पंपावर विश्वास न ठेवता लिटरमागे तीस-चाळीस मिली टू टी ऑइल पेट्रोलमध्येच घाला. धूर होईल. होऊ दे.

‘नव्यासारखी’ मात्र करू नका. रंग राहू दे. टाकीच्या वरच्या भागावर, तुम्ही बसायचात तिथे, रंग नक्की घासला गेला असेल. पेंटर तो आधी खरवडेल. क्रोम, स्टिकर, चकाकणाऱ्या नटांवर खर्च करायचा तर आधी ब्रेक शू आणि टायर घ्या. सुटे भाग चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. जुना भाग खिशात घेऊन जा, नुसतं तोंडी सांगितलंत तर ‘तोच आहे’ म्हणून भलताच बांधून देतील.

कागद गॅरेजच्या आधी. मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला फॉर्म २५. भावाची लेखी संमती आत्ताच घ्या. गाडी चालू झाली की त्याचंही मन बदलेल.

प्रश्न : माझी आरडी १९८५ची आहे. तिला व्हिंटेजची ‘व्हीए’ नंबरप्लेट मिळेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : २०३५ मध्ये विचारा. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज. आणि घाई तरी कशाला? ती प्लेट लागली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला एवढीच बाहेर काढता येते. भाजी आणायला नाही.

प्रश्न : माझ्याकडे काकांची यामाहा आरएक्स १०० आहे. मित्र म्हणतात, सायलेन्सर कापून पुंगळी, म्हणजे नुसती सरळ नळी, लाव, गाडी उडेल. लावू?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : ९८ सीसीत ११ अश्वशक्ती काढणारी ती गाडी १९९६ला बंद झाली, तरी लोक अजून शोधत फिरतात. उगाच नाही. टू-स्ट्रोकला बुलेटसारखे व्हॉल्व्ह नसतात. जळलेला धूर बाहेर जाताना थोडं ताजं पेट्रोलही त्याच्याबरोबर निसटतं. सायलेन्सरचं पोट आधी फुगतं आणि मग निमुळतं होतं ते शोभेसाठी नाही. त्या निमुळत्या टोकावर दाबाची लाट आपटून परत फिरते आणि निसटलेलं पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तेच कापलंत तर लाट परत येणार कुठून? आवाज अख्ख्या सोसायटीला जाईल, आणि पुलाच्या चढावर मागचा स्कूटरवाला हॉर्न देत पुढे निघून जाईल.